दान्यूबकाठी तोरासान

दोस्तांनो, परदेश प्रवास म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभं राहतं? मोठं विमानतळ, चाकांच्या बॅगा, उंच मनोरे, राजवाडे आणि त्या सगळ्यांपुढे उभं राहून काढलेले फोटो. बरोबर ना? पण समजा, एक माणूस युरोपातल्या एका अतिशय देखण्या शहरात गेला. राजवाडे बघून त्याला जांभया आल्या, संगीत ऐकून कंटाळा आला आणि तिथली जगप्रसिद्ध नदी पाहून त्याला आठवली ती आपल्या घरामागची नदी! अशा माणसाला तुम्ही काय म्हणाल? अडाणी? की शहाणा?

थांबा, उत्तराची घाई करू नका. आधी त्याची ओळख करून घेऊ, मग त्याच्या गावाला जाऊ आणि शेवटी त्याच्याबरोबर परदेशी जाऊन येऊ.

त्याचं नाव कुरुमा तोराजिरो. जपानात आडनाव आधी लावतात. कुरुमा म्हणजे गाडी आणि तोरा म्हणजे वाघ. पण हा वाघ अगदी गरीब हं! लोक त्याला प्रेमानं 'तोरासान' म्हणतात. आपण नावापुढे राव, भाऊ, ताई लावतो ना, तसंच जपानी लोक 'सान' लावतात.

तोरासान गावोगावच्या जत्रांमध्ये पथारी पसरून किडूकमिडूक वस्तू विकतो. डोक्यावर हॅट, अंगात चौकटीचा कोट, पोटाला लोकरी पट्टा, पायांत जपानी चपला, गळ्यात ताईत आणि हातात जुनी चामडी बॅग. बोलणं मात्र असं फर्डं, की नको असलेली वस्तूसुद्धा माणूस हसत हसत विकत घेईल.

हा तोरासान खरोखरीचा माणूस नाही बरं का. तो आहे जपानी विनोदी चित्रपटांचा नायक. त्याचं काम केलं कियोशी अत्सुमी या नटानं, आणि त्याला घडवलं योजी यामादा या दिग्दर्शकानं. गंमत म्हणजे तो आधी आला दूरदर्शनच्या मालिकेत. ही मालिका १९६८ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या वर्षी संपली. शेवटच्या भागात तोरासान विषारी साप चावून मरतो, असं दाखवलं होतं. झालं! प्रेक्षक खवळले. आमच्या तोरासानला मारलंत कसं? तक्रारींचा असा पाऊस पडला, की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याला मोठ्या पडद्यावर पुन्हा जिवंत करावं लागलं. त्यानंतर १९९५ पर्यंत तोरासानचे तब्बल ४८ चित्रपट निघाले. सगळ्यांत नायक एकच, नट एकच! गिनीज बुकनंही त्याची दखल घेतली. मालिकेचं नावही मजेशीर आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर 'पुरुषमाणसाचं जिणं कठीण बाबा!'

पण नवल असं, की जपानात घरोघरी ठाऊक असलेला हा माणूस बाहेरच्या जगाला फारसा माहीतच झाला नाही. अकिरा कुरोसावांचे तलवारबहाद्दर सामुराई जगभर पोचले. चपला घातलेला हा जत्रेतला विक्रेता मात्र मागेच राहिला. आज आपण त्यालाच भेटणार आहोत. चला तर मग त्याच्या गावाला, शिबामाताला!

इंद्राच्या देवळाची गल्ली

शिबामाता हा तोक्योच्या पूर्व टोकाचा भाग, कात्सुशिका नावाच्या विभागात येतो. तिथं जाणारी केइसेइ कंपनीची कानामाची लाईन इनमिन अडीच किलोमीटरची, तिच्यावर स्टेशनं फक्त तीन. मधलं शिबामाता. या चिमुकल्या रेल्वेची जन्मकथा ऐकाल तर हसाल. १८९९ साली इथं जी रेल्वे सुरू झाली तिला ना इंजिन, ना घोडे. रुळांवर छोटे डबे, आत बसलेले प्रवासी, आणि मागून डबा ढकलणारी माणसं! देवदर्शनाला येणाऱ्यांसाठी केलेली ही माणसांनी ढकलायची रेल्वे विजेच्या गाड्या येईपर्यंत चालली.

स्टेशनाबाहेर पडलात की समोर एक पुतळा दिसतो. हातात बॅग, पावलं स्टेशनाकडे, मान मात्र मागं वळलेली. ओळखलंत ना? तोरासानच तो! १९९९ मध्ये हा पुतळा बसवला. तो मागं वळून कुणाकडे बघतोय, ते शेवटी सांगते.

इथून देवळाकडे जाणारी गल्ली जेमतेम दोनशे मीटर लांब आहे. पण दोन्ही बाजूंना दुकानांची दाटी. कुठं तांदळाच्या खारट कुरकुरीत चकत्या भाजतायत, कुठं गोळ्या-चॉकलेटांच्या दुकानात खडीसाखरेसारख्या गोळ्या कापणाऱ्या सुऱ्या ठेक्यात वाजतायत, तर कुठं हिरवेगार 'कुसा-दांगो' मांडलेत. दांगो म्हणजे तांदळाच्या पिठाचे उकडलेले छोटे गोळे. आपल्या उकडीच्या मोदकाच्या पारीचे गोळे वळले तर कसे लागतील, तसेच म्हणा ना! त्यात एक सुवासिक रानपाला कुटून घालतात, म्हणून रंग हिरवा. वर गोड लाल डाळीचं पुरण. चित्रपटात तोरासानच्या काका-काकूंचं दुकान याच दांगोंचं आहे.

गल्लीच्या टोकाला येतं तैशाकुतेनचं देऊळ. हे बौद्ध मंदिर १६२९ साली स्थापन झालं. आता जरा कान देऊन ऐका. 'तैशाकुतेन' हे नाव कुणाचं असेल? 'तै' म्हणजे राजा, 'शाकु' हा 'शक्र' या संस्कृत शब्दाचा चिनी-जपानी उच्चार, आणि 'तेन' म्हणजे देव. शक्र म्हणजे कोण? अहो, आपला देवांचा राजा इंद्र! बौद्ध धर्माबरोबर इंद्र भारतातून मध्य आशियात, तिथून चीनमध्ये, तिथून कोरियामार्गे जपानात गेला आणि थेट तोक्योच्या या गल्लीत येऊन राहिला. परदेश प्रवास करणारे देवही असतात म्हणायचे! देवळाच्या लाकडी भिंतींवर सद्धर्मपुंडरीक सूत्रातल्या कथा इतक्या बारीक कोरल्या आहेत, की बघताना मान दुखते तरी डोळे हटत नाहीत.

तोरासान कुठंही गेला तरी आपली ओळख करून देताना अभिमानानं सांगतो, की मी शिबामाताचा, माझी पहिली आंघोळसुद्धा तैशाकुतेनच्या पाण्यानं झाली!

देवळामागं चढून गेलं की एदो नदीचा बांध लागतो. तोने या मोठ्या नदीची ही शाखा, सुमारे साठ किलोमीटर वाहून तोक्योच्या उपसागराला मिळते. बांधावर गवत, खाली मुलांची बेसबॉलची मैदानं, वर मोकळं आभाळ. यागिरीचा तर म्हणजे होडीनं नदी ओलांडण्याची जागाही इथंच. पहिल्या चित्रपटात तोरासान वीस वर्षांनी घरी परततो, तो याच तरीनं.

तुम्ही म्हणाल, इतकं गाव लाडकं, तर हा माणूस घरी का राहत नाही? तीच तर गंमत! दूर असला की याला शिबामाताची आठवण येते आणि घरी आला की चार दिवसांत भांडण होतं. १९७५ च्या एका चित्रपटात तर खरबुजावरून महाभारत घडतं. भेट आलेलं महागडं खरबूज घरातले सगळे कापून वाटून घेतात आणि तोरासानची फोड ठेवायलाच विसरतात. तेवढ्यात स्वारी दारात हजर! झाला ना रुसवा! बॅग उचलून तो पुन्हा वाटेला लागतो, आणि धाकटी बहीण साकुरा डोळे पुसत त्याला स्टेशनपर्यंत सोडायला जाते.

न झालेली हवाई सफर

आता परदेशाकडे वळू. एक गोष्ट आधी माहीत हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर सामान्य जपानी माणसाला केवळ मजेसाठी परदेशी जायला परवानगीच नव्हती. ती मिळाली १ एप्रिल १९६४ पासून. तीही वर्षातून एकदा आणि बरोबर फार तर ५०० डॉलर. त्या वर्षी जेमतेम १ लाख २८ हजार जपानी लोक देशाबाहेर गेले. एका डॉलरला तेव्हा ३६० येन मोजावे लागत. म्हणजे परदेश प्रवास हे मोठंच स्वप्न होतं!

१९७० सालच्या चौथ्या चित्रपटात हे स्वप्न तोरासानच्या घरी येतं. घोड्यांच्या शर्यतीत त्याला दहा लाख येन लागतात. आजवर काका-काकूंना त्रासच दिला, आता त्यांना हवाई बेटांची सफर घडवायची, असं तो ठरवतो. सगळी गल्ली निरोप द्यायला जमते. आणि ऐन वेळी कळतं, की सफरीच्या कंपनीचा मालक पैसे घेऊन पळाला!

आता काय करायचं? शेजाऱ्यांना तोंड कसं दाखवायचं? मग तिघं रात्रीच्या अंधारात गुपचूप घरी परततात आणि दिवे मालवून, दारं लावून, हवाईला गेल्याचं सोंग करत आपल्याच घरात लपून बसतात. त्यात घर रिकामं समजून चोर शिरतो. त्याला पकडून आरडाओरडा करावा, तर गुपित फुटतं! हसून हसून पुरेवाट होते. पण हसता हसता एक बारीकशी कळही उठते. काका-काकूंना हवाई बघायला मिळाली नाही याचं दुःख आहेच. पण त्याहून मोठी भीती कशाची, तर लोक काय म्हणतील याची! आपण फिरायला जातो तेव्हा ते स्वतःसाठी किती आणि शेजाऱ्यांना सांगण्यासाठी किती, हा प्रश्न १९७० मध्ये होता. आज तो सुटलाय असं वाटतं का तुम्हाला?

वीन की युफुइन?

पुढं वीस वर्षांत जपान श्रीमंत झाला. येन वधारला. १९८८ मध्ये डॉलर १३० येनच्या आसपास मिळू लागला. १९९० मध्ये परदेशी जाणाऱ्या जपानी लोकांचा आकडा १ कोटी १० लाखांच्या जवळ गेला. पण या भरभराटीची दुसरी बाजूही होती. कंपन्यांत माणसं रात्रंदिवस राबत होती. अतिकामानं येणाऱ्या मृत्यूसाठी 'कारोशी' हा शब्दच त्या काळात जपानात सर्वांच्या तोंडी झाला.

१९८९ च्या ऑगस्टमध्ये तोरासानचा ४१ वा चित्रपट आला. त्यात तो व्हिएन्नाला जातो. या सफरीची सुरुवात मात्र विमानतळावर होत नाही. ती होते उत्तर जपानात मियागी भागातल्या कुरिहारा या छोट्या रेल्वेवर. (ही रेल्वे २००७ मध्ये बंद झाली.) गाडी अचानक करकचून थांबते. कारण रुळावर एक माणूस आडवा झालेला असतो! त्याचं नाव ह्योमा. मोठ्या कंपनीत काम करून करून मन इतकं थकलेलं, की जगणंच नकोसं झालेलं. गाडी वेळीच थांबल्यानं तो वाचतो. त्याच गाडीत असतो आपला तोरासान.

तोरासान त्याला रागावत नाही की शहाणपणाचं भाषण देत नाही. तो त्याच्याजवळ बसतो, गप्पा मारतो, त्याला एकटं सोडत नाही. दोस्तांनो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्या ओळखीतलं कुणी असं खचलेलं दिसलं, तर त्याला एकटं सोडू नये आणि लगेच घरच्या मोठ्यांना सांगावं.

ह्योमाला संगीताची आवड. त्याची एकच इच्छा, व्हिएन्ना बघायची आणि तीही तोरासानबरोबर. जपानीत व्हिएन्नाला म्हणतात 'वीन'. तोरासानला ऐकू येतं 'युफुइन'! युफुइन हे दक्षिणेतल्या क्युशू बेटावरचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. चला की, झऱ्यात डुंबू, असं म्हणून गडी तयार! खरं काय ते कळतं तेव्हा घरात गोंधळ उडतो. पण दिलेला शब्द तो शब्द. तोच कोट, तीच हॅट, त्याच चपला घालून तोरासान विमानात चढतो.

आता व्हिएन्ना म्हणजे काय साधंसुधं शहर? १८५७ मध्ये सम्राट फ्रान्झ योसेफनं जुना तट पाडायचा हुकूम दिला आणि त्या जागी रिंगश्ट्रासं हा भव्य गोल रस्ता झाला. त्याच्या कडेला ऑपेरा, संसद, संग्रहालयं. शॉनब्रुन राजवाड्यात १४४१ खोल्या! मोत्सार्टनं आयुष्याची शेवटची दहा वर्षं इथंच काढली. प्राटर बागेतला १८९७ चा आकाशपाळणा ६५ मीटर उंच. ह्योमा हे सगळं बघून हरखून जातो. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू परततं. आणि तोरासान? त्याला त्या राजवाड्यांचं काही म्हणजे काही पडलेलं नाही. इथं ना कुणी ओळखीचं, ना भाषा येत, ना जत्रा, ना दांगो!

अशात त्याला भेटते कुमिको. ती जपानी मुलगी, व्हिएन्नात राहून पर्यटकांना शहर दाखवते. आणखी एक प्रौढ जपानी बाईही भेटतात, कितीतरी वर्षं तिथंच राहिलेल्या. आता गंमत बघा. व्हिएन्ना दाखवणाऱ्या मुलीला व्हिएन्नाची नवलाई राहिलेली नाही. पण तोरासानचं ते गावरान बोलणं कानावर पडताच तिच्या मनात तिचा देश जागा होतो.

दोघं दान्यूबच्या काठी येतात. दान्यूब जर्मनीत उगम पावते आणि दहा देशांतून २८५० किलोमीटर वाहत काळ्या समुद्राला मिळते. म्हणजे आपल्या गोदावरीच्या जवळजवळ दुप्पट! तिच्यावर योहान श्ट्राउसनं रचलेलं वॉल्ट्झ नृत्याचं संगीत १८६७ पासून जगभर वाजतंय. पण तोरासानला दिसते ती एदो नदी. तसाच काठ, तसंच गवत, तसंच सावकाश जाणारं पाणी.

बघा हं, ज्या माणसाला १४४१ खोल्यांच्या राजवाड्यात काही दिसलं नाही, त्याला नदीत मात्र सगळं दिसलं. आपण नवीन जागेत गेलो की वेगळं काय ते शोधतो. हा आपल्यासारखं काय ते शोधतो. दोन्ही शोधच की!

घर कुठं असतं?

तोरासानच्या बोलण्यानं कुमिको जपानला परत जायचं ठरवते. तोरासानच्या मनात आशेचं पाखरू फडफडतं. तो तिच्या प्रेमात पडलाय, हे तुम्ही एव्हाना ओळखलं असेलच. पण विमानतळावर ऐन वेळी तिचा ऑस्ट्रियन मित्र हर्मान धावत येतो. तिचं घर आता त्याच्याजवळ आहे. कुमिको थांबते. तोरासान काय करतो? भांडत नाही, रडत नाही. तो त्या मुलाला हिला नीट सांभाळ म्हणून सांगतो आणि एकटाच घरी परततो.

मला वाटतं, हा चित्रपट इथं नुसता विनोदी राहत नाही. ज्याला सगळ्या नद्या आपल्या गावच्या नदीसारख्या दिसतात, त्यालाच एक गोष्ट कळते. जसं माझं गाव एदो नदीकाठी, तसं कुणाचं दान्यूबकाठी असू शकतं. ते तिथं जन्मल्यानं नाही, तर तिथं राहून तयार होतं. त्यानं तिला घराची आठवण करून दिली, ते चूक नव्हतं. ती थांबली, तेही चूक नव्हतं.

हा चित्रपट व्हिएन्नात घडला त्यालाही एक निमित्त झालं. व्हिएन्नाचे महापौर हेल्मुट त्सिल्क यांनी जपानच्या प्रवासात तोरासानचा चित्रपट पाहिला. शिबामाताची माणसं आणि नदीकाठ पाहून त्यांना आपलं व्हिएन्ना आठवलं, आणि त्यांनी तोरासानला आमंत्रण दिलं! म्हणजे दान्यूबकाठच्या माणसालाही एदो नदी आपलीच वाटली होती. व्हिएन्नाचा फ्लोरिड्सडोर्फ विभाग दान्यूबच्या पलीकडच्या तीरावर आहे. त्याचं आणि कात्सुशिकाचं १९८७ पासून मैत्रीचं नातं आहे, आणि तिथल्या एका बागेला नाव दिलंय 'तोरासान पार्क'.

४ ऑगस्ट १९९६ रोजी कियोशी अत्सुमी वारले. ते ६८ वर्षांचे होते. जपान सरकारनं त्यांना मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान दिला. पुढच्या वर्षी शिबामातात तोरासानचं संग्रहालय उघडलं. २०१९ मध्ये यामादांनी जुनी दृश्यं गुंफून पन्नासावा चित्रपट काढला. शिबामाताचा परिसर २०१८ मध्ये जपाननं सांस्कृतिक वारसा म्हणून जपायला घेतला.

आता तो पुतळा. मागं वळून तो बघतो ते साकुराकडे. पण १८ वर्षं त्याच्यामागं नुसती मोकळी जागा होती. २०१७ मध्ये तिथं साकुराचा पुतळा उभा केला. भावाला निरोप द्यायला आलेली बहीण. आता दोघं एकमेकांकडे बघत उभी आहेत, आणि मधून शिबामाताला येणारी-जाणारी माणसं चालत असतात.

मग, आता सांगा बरं. तोरासान अडाणी की शहाणा? तुमचं उत्तर तुमच्याजवळच ठेवा. पण येत्या सुट्टीत गावाला, सहलीला किंवा कदाचित परदेशीही गेलात, तर एक करून बघा. फोटो काढून झाले की पाच मिनिटं तिथल्या नदीकाठी नाहीतर बाजारात नुसतं बसा. आणि तुमच्या गावातलं काय तिथं दिसतं, ते परत आल्यावर आम्हाला जरूर कळवा!